आमची वाटचाल: डिस्काउंट द्यायला शिकले त्याची गोष्ट

आमची वाटचाल लिहायला घेतलीय खरी पण यातलं "आमची" म्हणजे माझ्या पार्लरमधली मी एकटीच. एक फेशियल बेड, वॅक्स हीटर, स्टीमर आणि कायम धुवायला पडलेला टॉवेलचा ढीग. अपॉइंटमेंट घेणारी मी, थ्रेडिंग करणारी मी, शेवटी लादी पुसणारी पण मीच. सुरुवात कशी झाली, कोर्स कुठला केला हे सगळं सगळ्यांचं सारखंच असतं म्हणून ते सोडते, मला डिस्काउंटबद्दल लिहायचंय कारण धंद्यात मी सगळ्यात जास्त माती तिथेच खाल्लीय.

पहिल्या वर्षी बेड रिकामा दिसला की हात शिवशिवायचे, टाका ऑफर! "नवीन कस्टमरना ४०% सूट" असं स्टेटसला टाकलं आणि फोन सुरू झाले, मी खूश. हिशोब बघितला महिना संपल्यावर. बिल १०० धरलं तर सामान, भाडं, लाईट, लॉंड्री, कॉटन-स्ट्रिप्स सगळं मिळून माझे ६० जातात, उरतात ४०. म्हणजे ४०% सूट दिली की हातात शून्य, महिनाभर फुकट हमाली. २०% दिली तरी उरतात २०, म्हणजे आधीइतकेच पैसे सुटायला दुप्पट बायका करायला पाहिजेत आणि दिवसाचे तास काय दुप्पट होत नाहीत, हात तर दोनच. दुकानदाराचा माल जास्त खपतो, आमचा माल म्हणजे वेळ, तो गोदामात नसतो.

त्यात मी काय केलं, लाज वाटते सांगायला, पण तासाभराचं फेशियल ४५ मिनिटांत गुंडाळायला लागले. मसाज थोडा कमी, पॅक थोडा पातळ. कोणी बोललं नाही. बोलत नाहीतच, फक्त परत येत नाहीत.

आणि मग काकूंचा किस्सा. दर महिन्याला न चुकता येणाऱ्या, कधी घासाघीस नाही, कधी उशीर नाही. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर पॅक लावलेला, डोळ्यांवर कॉटन, आणि मी शेजारीच उभी राहून फोनवर कोणा नवीन बाईला सांगतेय, हो हो ४०% ऑफ आहे, हो तेच फेशियल. पॅक सुकत आलेला त्यामुळे काकूंना बोलता येत नव्हतं, पण पोटावर ठेवलेल्या हाताची बोटं हलायची थांबली ते मी बघितलं. तोंड धुतलं, पूर्ण पैसे काढले, नोटा सरळ करून टेबलावर ठेवल्या आणि हसून म्हणाल्या, "मी जुनी झाले म्हणून महाग पडते का गं?" मी काहीतरी "नाही काकू, ते फक्त नवीन लोकांसाठी..." असं पुटपुटले आणि वाक्य अर्ध्यातच ऐकायला कसं वाटतंय ते माझं मलाच कळलं.

त्या रात्री ठरवलं, नव्यांसाठी जे असेल ते जुन्यांना पण, नाहीतर कोणालाच नाही.

दुसरी ठेच याहून वाईट. ऑफरचा शेवटचा दिवस, लागोपाठ नऊ जणी, आठवीला चेहऱ्याचं वॅक्स हवं होतं. एरवी मी आधी विचारतेच की चेहऱ्याला काय लावता, त्या दिवशी घाईत राहिलं. ती रेटिनॉलचं क्रीम लावत होती. रेटिनॉलने वरची त्वचा नाजूक होते, वॅक्ससोबत ती पण निघून येऊ शकते, आणि तसंच झालं, ओठाच्या वर नखाएवढा लालबुंद चकचकीत डाग. ती बिचारी आरशात बघून म्हणते, "ताई, हे असंच असतं का?" पैसे परत केले, डॉक्टरकडे जायला सांगितलं, आठवडाभर रोज फोन केला. चूक क्रीमची नव्हती, तिची नव्हती, माझी होती, आणि थोडी त्या तारखेची.

तेव्हापासून माझ्या ऑफरची तारीख फक्त बुकिंगची असते, काम नंतर झालं तरी रेट तोच. आयब्रो टिंट, म्हणजे भुवयांना रंग, असेल तर २४ ते ४८ तास आधी कोपराच्या आत किंवा कानामागे पॅच टेस्ट लागते, म्हणजे थोडासा रंग लावून ॲलर्जी येते का ते बघायचं, शेवटच्या दिवशी सकाळी फोन आला तर ती टेस्ट करणार कधी? त्वचा तयार नसेल तर सरळ सांगते, आज नको, तुमची सूट कुठे जात नाही.

पॅकेजचे आगाऊ पैसे हा पण एक फसवा प्रकार, एकदा सहा सिटिंगचे पैसे घेतले आणि नवीन स्टीमरमध्ये घातले, मग पुढचे कित्येक दिवस काम करतेय आणि गल्ल्यात काही नाही. आता ते पैसे वेगळे ठेवते, सिटिंग झाली की तेवढेच काढते. आणि रेट आधी वाढवून मग त्यावर काट मारायची आयडिया, ती पण करून झालीय, एका मुलीकडे जुन्या रेटकार्डचा फोटो निघाला. बास.

सगळ्यात अवघड अजून घासाघीस वाटते. जी मोठ्या आवाजात मागते तिला कमी लावायचं आणि जी लाजून गप्प बसते तिच्याकडून पूर्ण घ्यायचं, म्हणजे गप्प बसल्याचा दंडच की. म्हणून तोंडी सूट बंद, मैत्रिणींना पण, चुलत बहीण अजून फुगून बसलीय.

आता ऑफर काढते ती रिकाम्या वेळेची, मंगळवार-बुधवार दुपार, कोणीही या, जुनी नवी सगळ्यांना १०%, किती स्लॉट आहेत ते मेसेजमध्येच, दोन ऑफर एकत्र चालणार नाहीत हे पण त्याच मेसेजमध्ये, बारीक अक्षरात नाही. वेळ पूर्ण तासाची. मेसेज आधी जुन्यांना जातो, स्टेटसला दुसऱ्या दिवशी. या महिन्यात ८ स्लॉट होते, त्यातले ५ स्टेटस टाकायच्या आधीच गेले, मंगळवारचा पहिला काकूंनी घेतलाय.