अंश शिकवताना आधी गिरकी, मग कोनमापक

लहान मुलांना अंश शिकवायचे असतील, तर कोनमापक त्यांच्या हाती शक्य तितक्या उशिरा द्यावा, असे माझे ठाम मत आहे. कंपासपेटीतले ते अर्धवर्तुळ समोर आले की मूल उलटसुलट चढत जाणाऱ्या आकड्यांच्या दोन ओळींत अडकते आणि कोन म्हणजे कागदावरच्या दोन रेषा, अशी त्याची समजूत होते. मग त्याच रेषा लांबवल्या की कोन मोठा झाला, असे ते अगदी मनापासून सांगते. ही समजूत एकदा रुजली की काढायला फार कष्ट पडतात.

त्याऐवजी मुलाला अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभे करावे आणि जागच्या जागी वळायला सांगावे. उजवीकडे वळून दक्षिणेला तोंड आले की 90 अंश, पश्चिमेला 180, उत्तरेला 270 आणि गिरकी पूर्ण होऊन पुन्हा पूर्व आली की 360. हात पसरून फिरले काय किंवा अंगालगत ठेवून फिरले काय, वळणे तेवढेच राहते, हे मुलाला स्वतःच्या शरीरातून कळते. अंश हे लांबीचे नव्हे, वळण्याचे माप आहे, हे समजावण्यासाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

यानंतर काट्यांचे घड्याळ घ्यावे. मिनिटकाटा मिनिटाला 6 अंश वळतो; तासकाट्याला मात्र एका अंशासाठी 2 मिनिटे लागतात. तीन वाजता दोन्ही काट्यांत काटकोन असतो, पण साडेतीनला तो का नसतो, हा प्रश्न थोड्या मोठ्या मुलांना जरूर विचारावा. तासकाटाही तेवढ्या वेळात 15 अंश पुढे सरकलेला असतो, त्यामुळे उत्तर 75 येते.

मुले हमखास विचारतात, की 360च का, सरळ 100 का नाहीत? प्राचीन बाबिलोनी लोक साठाच्या पटीत गणना करत आणि आपल्याकडे ऋग्वेदातही बारा आऱ्यांच्या, 360 खुंट्यांच्या कालचक्राचे वर्णन आहे. वर्षाचे दिवस या संख्येच्या जवळ असल्याने सूर्य ताऱ्यांमधून रोज सुमारे एक अंश सरकताना दिसतो. मुलांना मात्र भागाकाराचे कारण अधिक पटते: 100चे तीन सारखे पूर्णांक भाग होत नाहीत, तर 360ला 2, 3, 4, 5, 6, 8, 9, 10 आणि 12 या सर्वांनी निःशेष भाग जातो. यादीत 7 का नाही, हे त्यांनाच भागाकार करून शोधू द्यावे.