तुम्ही विचारलंत म्हणून: आयरिशचे 'सो' आणि 'दो'

दर गणपतीत कुणीतरी विचारतंच. "आयरिशमध्ये 'सो' म्हणजे चांगलं, 'दो' म्हणजे वाईट. आपलं 'सु' आणि 'दुस्'च की ते! म्हणजे ती भाषा संस्कृतातूनच निघाली ना?"

नाही. आठ वर्षं नुसतं 'नाही' म्हणतेय, आज कारण सांगते.

उपसर्ग सख्खे आहेत, यात वाद नाही. 'सोखर' म्हणजे फायदा, 'दोखर' म्हणजे नुकसान. जुन्या आयरिश कायद्यात हे शब्द रास्त करार आणि तोट्याचा करार यांसाठी होते. विद्वानाला 'सी' म्हणतात, अडाण्याला 'दी'. दोन्हींत आपला 'विद्', म्हणजे जाणणं, झिजून बसलाय. 'सोव्रिश्ते' म्हणजे सहज मोडणारं. तिथे 'सो' म्हणजे चांगलं नव्हे, सोपं. आपल्या 'सुलभ', 'सुकर'मध्ये 'सु' तेच काम करतो.

पण सख्खं म्हणजे पोटचं नव्हे. 'दश'मधला श मुळात क होता. संस्कृतात तो बदलला; आयरिश 'देख'च्या शेवटी त्या क-ची खरखर अजून आहे. आठाला आयरिशमध्ये 'ओख्त' म्हणतात. तो मूळचा ओ, 'अष्ट'मध्ये त्याचा अ झाला. आईने जे कधीच हरवलं, ते लेकीकडे कुठून येईल? या बहिणी आहेत. इराणी शाखाही त्याच घरची. तुमच्या तोंडच्या 'दुश्मन'मधला 'दुश्' फारसीचा आहे.

मीही तुमच्यासारखंच बोलायचे. आयर्लंडमधल्या गॉलवेला, आयरिशच्या संध्याकाळच्या वर्गात एकदा फळ्यावर या जोड्या लिहिल्या आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, "तुमची भाषा आमच्या संस्कृतची मुलगी." शिकवणाऱ्या बाई कॉनेमाराच्या, म्हणजे जिथे आयरिश अजून बोलतात त्या भागातल्या, सत्तरीच्या. बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पणजीच्या गळ्यात शाळेत काठी अडकवायचे. तोंडून आयरिश शब्द निघाला की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजून मार. एवढं करून आम्ही जी राखली, ती आता तुमची?" आवाज चढला नव्हता. फळा मीच पुसला. त्यांनी पुढचा धडा काढला, आणि उरलेला तासभर माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बसमध्ये मी मनातल्या मनात भांडत होते. मी तर कौतुक केलं होतं! मुलगी म्हणणं हा काय अपमान आहे? मग दिल्लीतलं ऑफिस आठवलं. "मराठी म्हणजे हिंदीचीच बोली ना?" तिथे एकाने असंच, अगदी प्रेमाने विचारलं होतं, आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

पुढच्या आठवड्यात माफी मागितली. त्यांनी मान हलवली, एवढंच.

तरी 'सोखर' ऐकला की अजूनही मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं. ते चूक आहे असं मी मानत नाही. बाईंना हे सांगावं का, ते मात्र अजून ठरत नाही.