लिडस्ट्रॉमकडे बघत बघत बर्फावरचा डिफेन्स शिकलो

आइस हॉकीतला डिफेन्समन म्हटलं की समोरच्याला काचेवर आपटणारा धिप्पाड गडी डोळ्यांसमोर येतो. डेट्रॉइट रेड विंग्जच्या निकलास लिडस्ट्रॉमने हे चित्र माझ्यापुरतं पार पुसून टाकलं. १९९१ ते २०१२ या काळात वीस हंगाम, १५६४ सामने, सगळे एकाच संघाकडून. आणि एवढ्या सामन्यांत शिक्षेची मिनिटं, म्हणजे नियम मोडल्याबद्दल बाहेर बसावं लागलेला वेळ, फक्त ५१४. म्हणजे साधारण सहा सामन्यांमागे दोन मिनिटांची एक शिक्षा. ज्याचं कामच समोरच्याला अडवायचं, त्याच्या नावावर हा आकडा! मी या माणसाचे सामने बघत राहिलो, आणि मग पस्तिशी ओलांडल्यावर स्वतः बर्फावर उतरलो. ते कसं जमलं, ते सविस्तर लिहितोय, कारण इकडे अमेरिकेत आलेल्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळांना मनातून खेळायचं असतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

मी खडकीचा. धनराज पिल्ले यांची खडकी. आमच्याकडे हॉकी स्टिक हातात आली की प्रत्येक पोराला फॉरवर्ड व्हायचं असे. मी शाळेच्या संघात फुलबॅक होतो आणि मला ती जागा मनापासून आवडायची. मागून सगळं मैदान दिसतं. पुढे नोकरीनिमित्त मिशिगनला, डेट्रॉइटच्याच राज्यात आलो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. इथे हिवाळ्यात ऑफिसात, दुकानात, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच विषय: विंग्ज काल कसे खेळले.

२००९चा जून इथल्या कुणालाच विसरता येणार नाही. क्रायस्लर ही गाड्यांची कंपनी एप्रिलअखेर दिवाळखोरीत गेली होती, १ जूनला जनरल मोटर्सही गेली. आमच्या कंपनीत रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी होत होती. त्याच दिवसांत इथल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगच्या करंडकाची, स्टॅनली कपची अंतिम फेरी चालू होती, पिट्सबर्गविरुद्ध, आणि ती सातव्या सामन्यापर्यंत गेली. १२ जूनला विंग्जच्या घरच्या मैदानावर, जो लुई अरीनात आपण १-२ ने मागे. शेवटच्या सेकंदाला पक (चेंडूऐवजी असलेली रबराची चकती) लिडस्ट्रॉमच्या स्टिकवर आला, समोर अर्धा गोल उघडा, त्याने मारला आणि पिट्सबर्गचा गोलकीपर फ्लुरी याने आडवी झेप घेऊन अडवला. संपलं. पराभवानंतर हस्तांदोलनाच्या रांगेत आमचा कर्णधार लिडस्ट्रॉम शांतपणे एकेकाशी हात मिळवत पुढे सरकत होता. नोकरीच्या काळजीने झोप उडालेल्या त्या दिवसांत मला त्या माणसाच्या स्थिरपणाचा फार आधार वाटला. पुढच्या हिवाळ्यात मी मोठ्यांच्या स्केटिंगच्या वर्गात नाव घातलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पोरांचं वय झालं स्केटिंगचं, तुझं कुठे? हाडं सांभाळ रे बाबा."

पहिला टप्पा निव्वळ स्केटिंगचा. त्यात पक नाही, स्टिक नाही. पडायचं कसं, उठायचं कसं, दोन्ही बाजूंना थांबायचं कसं. इथे स्केट्सविषयी थोडं सांगतो, कारण ते कुणी आधी सांगत नाही. पातं खालून सपाट नसतं. मध्ये लांबलचक खोबण असते आणि तिच्या दोन्ही कडांवर आपण उभे असतो. धार लावून घेताना खोबणीची त्रिज्या सांगावी लागते. अर्धा इंच ही नेहमीची. त्रिज्या लहान तितकी खोबण खोल, कड बर्फात जास्त रुतते, वळताना पकड मिळते, पण थांबायला जड जातं. मला अर्ध्या इंचापेक्षा किंचित उथळ धार मानवली. थांबणं सोपं झालं आणि भीती निम्मी गेली.

दुसरा टप्पा खेळ शिकवणाऱ्या वर्गाचा. आता अंगभर सामान: नडगीचे गार्ड, जाड चड्डी, कोपराचे आणि खांद्यांचे पॅड, ग्लव्ह्ज, जाळीचं हेल्मेट. सगळं चढवायला सुरुवातीला बराच वेळ लागतो, कारण क्रम असतो. नडगीचे गार्ड आधी, स्केट्स नंतर, वरचं अंग शेवटी. या वर्गात प्रशिक्षकाने विचारलं, कुणाला काय खेळायचंय. बाकी सगळे फॉरवर्ड. मी डिफेन्स म्हणालो. तो खूश झाला आणि त्याने लगेच माझ्या हातातली स्टिक काढून घेतली. म्हणाला, आधी उलटं जायला शीक.

उलटं स्केटिंग हा डिफेन्सचा पाया आहे. फॉरवर्ड तोंड पुढे करून येतो, आपल्याला त्याच्याकडे तोंड ठेवूनच मागे जायचं असतं, तेही त्याच्याच वेगाने. गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, छाती वर, आणि एका पायाने बर्फावर इंग्रजी सी काढायचा, मग दुसऱ्याने. टाच बाहेर ढकलत न्यायची आणि आत ओढायची. जोर मांडीच्या आतल्या स्नायूंवर येतो. ते स्नायू खडकीच्या मैदानावर कधी इतके वापरलेच नव्हते, आणि ऐन भरात असताना जांघेत लचक भरून मला बरेच आठवडे घरी बसावं लागलं. ते आठवडे मी वाया जाऊ दिले नाहीत. लिडस्ट्रॉमचे सामने पुन्हा लावले आणि पककडे न बघता फक्त त्याच्या पायांकडे बघितलं.

माझ्या सगळ्या शिक्षणात सर्वांत मोलाचे दिवस मी ते धरतो. टीव्हीवर कॅमेरा पकच्या मागे धावतो, त्यामुळे चांगला डिफेन्समन काय करतो ते दिसतच नाही. लिडस्ट्रॉम फॉरवर्डपासून साधारण एका स्टिकचं अंतर ठेवायचा. पुढचा वेग वाढवी, हा तेवढ्याच वेगाने मागे. पुढचा मंदावे, हा पुढे सरकून अंतर मिटवी. स्टिक एका हातात, तिचं पातं बर्फावर टेकलेलं, नेमकं पासच्या वाटेत. मधला भाग तो कधी मोकळा सोडत नसे, त्यामुळे फॉरवर्ड आपोआप कडेला, भिंतीकडे जायचा. कबड्डीत चढाईला आलेल्याला कोपऱ्यात रेटत नेतात ना, अगदी तसं, फक्त हात न लावता. भिंतीपाशी पोचला की जागाच संपायची.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९९७ची अंतिम फेरी. समोर फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रॉस, सहा फूट चार इंच उंच, आणि त्याच्या ओळीतले दोघेही तसेच आडदांड. सगळ्यांना वाटलं, डेट्रॉइट त्यांच्यापुढे धडका देणारा कॉन्स्टंटिनॉव्ह उभा करणार. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी उभे केले लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी, दोघेही डोक्याने आणि स्टिकने खेळणारे. अंगावर येणाऱ्याला अंगच सापडेना. डेट्रॉइटने चारही सामने जिंकले. १९५५ नंतर कप शहरात आला तो असा. मी तेव्हा पुण्यात होतो, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण आमच्यासारख्या हौशी प्रौढांच्या लीगमध्ये धडक मारायला मुळातच बंदी असते, तेव्हा माझ्यासारख्याला लागू पडणारा धडा नेमका हाच होता.

लचक बरी झाल्यावर परतलो ते एकच गोष्ट मनात धरून: नजर पकवर नाही, फॉरवर्डच्या छातीवर. पक फसवतो, डोळे फसवतात, खांदेही फसवतात. छाती जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. हे जमायला लागलं तसा वर्गातल्या वेगवान पोरांनासुद्धा मला चुकवून जाणं अवघड होऊ लागलं. त्यांच्या निम्म्या वेगाचा होतो तरीही.

मग टू-ऑन-वन. दोन फॉरवर्ड चालून येताहेत आणि मागे तुम्ही एकटे. ओढ लागते ती पकवाल्याच्या अंगावर जायची. तसं जायचं नाही. दोघांच्या मधोमध राहून पासची वाट बंद करायची, शॉट गोलीवर, म्हणजे गोलकीपरवर सोपवायचा. गोलीला एकच माणूस बघायचा असला तर तो बहुतेक वेळा अडवतो. आडवा पास गेला तर त्याचं काही चालत नाही. मैदानावरच्या हॉकीतही तत्त्व हेच, पण बर्फावर माणूस थांबत नाही, घसरत येतो, त्यामुळे विचाराला वेळ मिळत नाही. ते अंगात भिनवावंच लागतं.

लिडस्ट्रॉमच्याही पहिल्या हंगामात त्याला असं भिनवणारं कुणी होतं: ब्रॅड मॅक्रिमन. अनुभवी, मागे राहून सांभाळणारा जोडीदार. त्याच्या भरवशावर नवखा लिडस्ट्रॉम पुढे जाऊ शकला आणि पहिल्याच हंगामात त्याने ६० गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलांना दिलेले पास मिळून) मिळवले. मॅक्रिमन पुढे डेट्रॉइटमध्येच सहायक प्रशिक्षक झाला. २०११मध्ये तो रशियात यारोस्लावलच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून गेला आणि ७ सप्टेंबरला संघाचं विमान कोसळलं, त्यात गेला. त्या आठवड्यात आमच्या सामन्याआधी दोन्ही संघ निळ्या रेषेवर ओळीने उभे राहिलो होतो. डिफेन्समध्ये जोडीदार म्हणजे काय असतं हे मला तोवर कळलेलं होतं.

लीगचे सामने रात्री उशिरा असतात, कारण चांगल्या वेळा मुलांच्या संघांना जातात, आणि जायलाच हव्यात. साडेदहाला सुरू झालेला सामना संपवून घरी पोचेतो मध्यरात्र उलटते. बर्फावर उतरायची एकेक पाळी पाऊण मिनिटाची, मग बदली खेळाडू उतरतो. त्याहून जास्त राहिलात की पाय संपतात आणि जोडीदार उघडा पडतो. लिडस्ट्रॉम अशा पाळ्या करत करत एका सामन्यात पंचवीस मिनिटांहून जास्त बर्फावर असायचा, हे मला स्वतः खेळायला लागल्यावर खरं उमगलं. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी त्याला सलग तीन वर्षं दुसरा येऊन हुकली. मग वयाच्या ३१व्या वर्षी पहिली मिळाली, आणि २०११पर्यंत एकूण सात. शेवटची एक्केचाळिशीत. पुढच्या वर्षी ३१ मे रोजी तो निवृत्त झाला आणि २०१४मध्ये त्याचा ५ नंबर जो लुईच्या छताला चढला.

मी अजून खेळतो. उजव्या बाजूला, सगळ्यात खालच्या वर्गात, आणि आता नव्यांना उलटं स्केटिंग शिकवायला मदतही करतो. सुरुवात करायची असेल तर एवढं करा: स्केट्स दुकानात पायात घालून, शक्य तर गरम करून पायाच्या आकाराला बसवून घ्या. चपलेच्या मापापेक्षा ते लहानच लागतात. हेल्मेट नवीन घ्या. बाकी सगळं वापरलेलं चालतं, इथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत भरपूर मिळतं. यूएसए हॉकी या इथल्या राष्ट्रीय संघटनेची वार्षिक नोंदणी लीगच्या आधी करून ठेवा. आणि प्रशिक्षकाने जागा विचारली तर डिफेन्स सांगा. प्रत्येक संघाला डिफेन्समन कमीच पडतात, त्यामुळे पहिल्याच हंगामात भरपूर खेळायला मिळतं.