टोमॅटो लाल आहे हे कम्प्युटरला कसं कळणार

मागच्या महिन्यात मामाकडे नारायणगावला गेलो होतो. ओट्यावर कॅरेट लावलेले आणि मामी खाली बसून हिरवा, पिवळसर, लाल असा माल वेगळा करत होती. मी आपली फुशारकी मारली, की अगं हे तर माझा वेबकॅम पण करेल, पायथन आणि ओपनसीव्ही (फोटोवर काम करायची तयार कोडची लायब्ररी) टाकलं की झालं.

रात्री बसलो. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, आणि ओपनसीव्ही ते वाचतं आरजीबी (लाल-हिरवा-निळा) नाही तर बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमाने, हे माहीत असून विसरलो आणि मॅटप्लॉटलिब या चित्रं दाखवणाऱ्या लायब्ररीत दाखवायला गेलो तर सगळे टोमॅटो निळे! मामेभाऊ हसून हसून लोळला.

ते सरळ केलं तरी एकाच टोमॅटोची उजेडाकडची बाजू आणि सावलीतली बाजू यांच्या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. म्हणून मग एचएसव्हीत गेलो, ही रंग आकड्यांत मांडायची दुसरी पद्धत. त्यात ह्यू म्हणजे रंग कुठला, सॅच्युरेशन म्हणजे किती भडक, आणि उजेडाचा हिशोब व्हॅल्यूत वेगळा. आता ह्यू हे ३६० अंशांचं वर्तुळ, पण फोटोतला एकेक आकडा ८ बिटमध्ये साठवतात आणि त्यात २५५ च्या वर आकडा मावत नाही, म्हणून ओपनसीव्ही तो निम्मा करून ० ते १७९ ठेवतं. आणि लाल रंग नेमका वर्तुळ जुळतं तिथे बसलाय, म्हणजे थोडा ० ते १० मध्ये आणि उरलेला १७० ते १७९ मध्ये! मी एकच रेंज दिली होती, बरेचसे टोमॅटो गायब. दोन मास्क (दिलेल्या रेंजमधले ठिपके तेवढे ठेवणारे साचे) काढून जोडले तेव्हा कुठे सगळे दिसले.

दिसले ते टोमॅटो आणि मामीचा हात. कातडीचा ह्यू पण त्याच लाल-नारिंगीच्या आसपास येतो ना. सॅच्युरेशनची खालची मर्यादा वाढवत वाढवत १२० वर नेली तेव्हा हात गेला. मग ट्यूबलाइटची चमक जिथे पडली तिथे टोमॅटोला पांढरं भोक, ते मॉर्फॉलॉजीच्या क्लोजिंगने (आकारातली छोटी भोकं भरायची क्रिया) बुजवलं. एवढं करून झोपलो आणि सकाळी उन्हात लावून बघतो तर परत गोंधळ, वेबकॅमचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बघून तो आपोआप रंग जुळवतो ते, बदललेला. तो बंद केला (पहिल्यांदाच करायला हवा होता).

मग मामाला बोलावून ऐटीत दाखवलं. स्क्रीनवर एकावर "हिरवा" आलं होतं. मामाने तो उचलला, उलटा केला, खाली चांगला लालसर.

"अरे कलर बुडाकडून चढतो. तू देठाकडून फोटो काढतोयस."

कोड तोच ठेवलाय. फक्त आता टोमॅटो उलटे मांडतो, आणि ते मांडायला मामीइतकाच वेळ लागतो.