एका बॅगेतले दोन कॅमेरे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांमध्ये शिरले, तेव्हा मिरजेतल्या माझ्या दुकानापर्यंत ते पोहोचले नव्हते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. गावभाग, मारुती रोड, हरभट रोड या भागातल्या ओळखीच्या फोटो स्टुडिओंचे काय झाले असेल, या एकाच विचाराने ते दिवस गेले. त्या वर्षी स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा दोन्ही १५ ऑगस्टला आल्या होत्या. पाणी ओसरू लागले होते आणि चिखलातून वस्तू हाती लागत होत्या, म्हणून त्या दिवशीही मी दुकान उघडे ठेवले. कॅमेरा दुरुस्तीच्या माझ्या कामातला कधीही न विसरता येणारा दिवस मात्र त्यानंतरचा, शुक्रवारचा.

सकाळी साडेनऊच्या सुमारास गावभागातला एक छायाचित्रकार दारात उभा राहिला. दहा-बारा वर्षांपासून तो माझ्याकडे येतो आणि मला काका म्हणतो. खांद्यावरच्या काळ्या बॅगेतून अजून पाणी ठिबकत होते. "काका, माळ्यावर ठेवली होती. माळ्यापर्यंत पाणी येईल असं कुणालाच वाटलं नाही," एवढेच तो बोलला. घर, स्टुडिओ, प्रिंटर, हार्ड डिस्क या सगळ्याविषयी त्याने नंतर सांगितले, तेही मी विचारले म्हणून.

बॅगेत निकॉन डी ७५० चे दोन कॅमेरे होते, एकाच वर्षी, एकाच दुकानातून घेतलेले. लग्नाच्या कामात एकाला लांबची लेन्स आणि दुसऱ्याला जवळची लेन्स लावून तो दोन्ही गळ्यात घालून फिरत असे. आता दोन्ही सारखेच दिसत होते. बटणांच्या फटींत नदीचा काळा, बारीक गाळ भरला होता, व्ह्यूफाइंडरच्या काचेआड पाणी हलत होते आणि रबराची पकड फुगून सुटली होती. दोन्ही एकाच बॅगेत, एकाच पाण्यात, सारखेच दिवस बुडालेले होते. एक फरक मात्र होता. पहिल्या कॅमेऱ्यात बॅटरी होती आणि दुसऱ्याचा बॅटरीचा कप्पा रिकामा होता. ५ ऑगस्टला पाणी चढत असताना त्याने पहिल्या कॅमेऱ्यावर घाटाचे फोटो काढले होते आणि घाईत तो बंद करून तसाच बॅगेत टाकला होता. दुसरा कॅमेरा आषाढी एकादशीच्या आधीच्या आठवड्यातल्या शेवटच्या लग्नानंतर वापरातच नव्हता, आणि त्याच्या बॅटऱ्या त्याने माझ्या सांगण्यावरून काढून वेगळ्या डब्यात ठेवल्या होत्या.

तो डबा वाहून गेला, हे सांगताना तो ओशाळला. मला मात्र त्या रिकाम्या कप्प्याकडे पाहून मनापासून बरे वाटले होते.

आधी पहिला कॅमेरा घेतला, कारण त्यात धोका होता. बॅटरीच्या कप्प्याचे झाकण उघडले, तर आत हिरवट-निळा थर साचलेला आणि बॅटरी जागेवर घट्ट बसलेली. बाजूने ती किंचित फुगली होती. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह फार होतो आणि नेमके तेच करायचे नसते. लिथियम-आयन सेलमध्ये दोन धातूंच्या पातळ पट्ट्यांमध्ये अगदी बारीक प्लास्टिकचा पडदा असतो. त्याला टोक लागले की आतल्या आत शॉर्ट होतो, सेल तापतो आणि पेटही घेऊ शकतो. म्हणून मी कॅमेऱ्याच्या तळाचे स्क्रू काढले, कप्पा सैल केला आणि बांबूच्या चपट्या काडीने बॅटरी मागून हळूहळू ढकलत बाहेर आणली. या कामाला पाऊण तास लागला. मल्टिमीटर लावला, तर टोकांवर काहीच व्होल्टेज नव्हते. पूर्ण भरलेली अशी बॅटरी ८.४ व्होल्टच्या आसपास दाखवते. ती अंगणातल्या वाळूच्या बादलीत ठेवली आणि पुढे इतर बुडालेल्या बॅटऱ्यांबरोबर ई-कचऱ्यात दिली. पाण्यात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा चार्जरला लावू नये, मग ती कितीही नवी असो.

पुढे हात घालण्याआधी फ्लॅशचा कपॅसिटर तपासला. या कॅमेऱ्यात वर उघडणारा फ्लॅश असतो आणि त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठते. इतके दिवस पाण्यात राहिल्यावर त्यात काही उरले असण्याची शक्यता नव्हती, तरी रेझिस्टर लावून तो रिकामा असल्याची खात्री केल्याशिवाय मी बोर्डला, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीला, हात लावत नाही. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात काम शिकत असताना मला त्याचा एकच झटका बसला होता आणि तेवढा पुरेसा होता.

मागचे आणि वरचे कव्हर काढून मेनबोर्ड म्हणजे मुख्य पाटी बाहेर काढली, तेव्हा तो छायाचित्रकार शेजारी बसून पाहत होता. बोर्डच्या ज्या भागात बॅटरीची वीज येते तिथे तांबे खाल्ले गेले होते. काही कनेक्टरच्या पिना उरल्याच नव्हत्या. जागेवर हिरवी पूड होती. एका पिनेपासून दुसरीपर्यंत झाडाच्या मुळांसारखे धातूचे बारीक तंतू वाढलेले भिंगाखाली स्पष्ट दिसत होते. फ्लेक्स म्हणजे बोर्डांना जोडणारी पातळ पट्टी हातात घेताच तुटली.

"पण काका, मी तो बंद करून ठेवला होता," तो म्हणाला.

हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे, आणि त्यात त्यांची चूक नाही. डिजिटल कॅमेऱ्याचे बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखे तार तोडत नाही. बॅटरी कप्प्यात असेपर्यंत तिची टोके आणि बोर्डाचा काही भाग विजेखाली असतोच, म्हणून तर बटण फिरवल्याबरोबर कॅमेरा क्षणात जागा होतो. पुराचे पाणी क्षार, मैला आणि गाळ यांनी भरलेले असते व त्यातून वीज वाहते. चांदीकामाच्या हुपरीतल्या कारागिराला मुलामा चढवायला जे लागते, म्हणजे धातू, क्षारांचे पाणी आणि एका दिशेने वाहणारी वीज, ते सगळे त्या बंद कॅमेऱ्यात आपोआप जुळून आले होते. धन बाजूचे तांबे विरघळत गेले आणि ऋण बाजूला जाऊन साचले. बॅटरीत संरक्षणाचे सर्किट असते, पण ते एकदम मोठा करंट गेला तर तोडते. पाण्यातून होणारी ही संथ गळती त्याला ओळखता येत नाही. बॅटरीवर १९०० मिलीअँपिअर-तास असे छापलेले होते. फोटो काढायला वापरायची ती वीज बोर्ड पोखरण्यात खर्ची पडली.

मग दुसरा कॅमेरा उघडला. माझेही हात थोडे अवघडले होते, कारण आता खरोखरच कळणार होते. आत गाळ तेवढाच होता, कदाचित थोडा जास्तच. बोर्डवर तपकिरी चिखलाचा थर होता आणि शटरच्या पात्यांमध्ये रेती अडकली होती. मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन पुढे ओढला आणि बोर्ड त्यात बुडवला, तेव्हा तो दचकून उभा राहिला. "अजून पाणी?" गाळ ओला असेपर्यंतच निघतो, हे मी त्याला समजावले. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवला, तर तो चिपच्या पायांखाली भाजलेल्या मातीसारखा घट्ट बसतो आणि त्यातले क्षार पुढच्या पावसाळ्यात हवेतला दमट ओलावा धरून पुन्हा आपले काम सुरू करतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्षार नसतात, म्हणून ते आधी क्षार काढून घेते, आणि नंतरचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ते पाणी घेऊन उडून जाते. गाड्यांच्या बॅटरीवाल्यांकडे डिस्टिल्ड वॉटर मिळते. त्या आठवड्यात मी मिरजेतल्या तीन दुकानांतून गोळा करून आणले होते.

चार वेळा पाणी बदलले. मऊ ब्रशने प्रत्येक कनेक्टर साफ केला. शेवटी अल्कोहोलमधून बोर्ड बाहेर काढून दिव्याखाली धरला, तर पिना सोनेरी होत्या. एखाद्या ठिकाणी सोल्डर काळवंडले होते, तेवढेच. दोन्ही बोर्ड मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कारखान्यातून ते एकसारखेच निघाले होते. तो त्या दोन बोर्डांकडे पाहत बराच वेळ बसून राहिला आणि मग हळूच म्हणाला, "भाऊ सकाळी मित्राची बॅटरी घेऊन आला होता. घालून बघूया चालू होतोय का, म्हणत होता. मी घालू दिली नाही." त्याच्या भावाने ती बॅटरी घातली असती, तर दुसरा बोर्डही मिनिटभरात शॉर्ट होऊन गेला असता. पाण्यातून काढलेली वस्तू चालू करून पाहण्याची ओढ माणसाला आवरत नाही, आणि माझ्याकडे येणारी बरीचशी उपकरणे त्याच एका प्रयत्नात जातात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपायही लोक श्रद्धेने करतात. त्या आठवड्यात दोन लेन्सच्या माउंटमधून, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या कडीतून, मी तांदळाचा कोंडा काढला. तांदूळ आतला ओलावा ओढून घेत नाही आणि क्षारांना तर तो हातच लावू शकत नाही.

त्याच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात दोन्ही कार्डे तशीच होती. हा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहू शकतो आणि त्याने तशीच व्यवस्था लावलेली होती. कार्डांचे सोनेरी पट्टे अल्कोहोलने पुसले, दिवसभर सुकवले आणि संध्याकाळी रीडरमध्ये घातले. एक कार्ड उघडले नाही, दुसरे उघडले. एकादशीआधीच्या त्या लग्नाचे सगळे फोटो त्यात होते. स्टुडिओतली हार्ड डिस्क बुडाली होती आणि मुलीच्या माहेरच्या घरातही पाणी शिरले होते. माझ्या संगणकावर फोटो उतरत असताना त्याने त्या मुलीच्या वडिलांना फोन लावला. तो काय बोलला हे मी ऐकले नाही, कारण तो बाहेर रस्त्यावर जाऊन बोलत होता.

त्याच संध्याकाळी आमचे जे बोलणे झाले, ते मी पुढे आलेल्या प्रत्येक ग्राहकाशी बोललो आहे. आपल्याकडे लग्नाचे काम आषाढात थांबते ते थेट कार्तिकात सुरू होते, म्हणजे वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांतच कॅमेरे बंद बॅगेत पडून राहतात. बॅगेचा फोम ओलावा धरून ठेवतो, आणि हवेतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. बुरशीचा थर पुसता येतो, पण तिने काचेवरचे कोटिंग खाल्ले असेल तर तो डाग कायमचा राहतो. ड्राय कॅबिनेट म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारे कपाट परवडत नसेल, तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणे घालून कॅमेरा ठेवला तरी चालते. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून किंवा बदलून घ्यावेत. आणि बॅटरी त्या काळात कॅमेऱ्यात कधीच ठेवू नये. ती पूर्ण भरलेली नको आणि रिकामीही नको, साधारण निम्मी चार्ज असावी, टोकांवर प्लास्टिकची टोपी असावी आणि जागा थंड व कोरडी असावी. पूर्ण भरलेली ठेवण्यापेक्षा निम्म्या चार्जवर तिचे रसायन कमी झिजते. पूर्ण रिकामी करून ठेवली, तर महिन्यांनंतर सेलचे व्होल्टेज इतके खाली जाते की चार्जर तिला ओळखतही नाही. "बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी" हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला नियम अजून लोकांच्या तोंडी आहे आणि लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य तो कमी करतो. हे सगळे मी त्याला सहा वर्षांपूर्वी सांगितले होते. त्यातले निम्मे त्याने पाळले, आणि त्या निम्म्यावर एक कॅमेरा वाचला.

पुढचे काम धीराचे होते. लाकडी खोक्यात दिवा लावून ४० अंशांच्या आसपास चार दिवस बोर्ड सुकवला. शटर वाचले नाही. मुंबईहून नवे मागवावे लागले आणि कोल्हापूरजवळचा महामार्ग नुकताच खुला झाल्यामुळे सगळेच कुरियर उशिरा येत होते. लांबची लेन्स आतून पूर्ण चिखलाने भरली होती, तिचा मी नाद सोडला. कॅमेरा जोडल्यावर पहिल्यांदा त्यात बॅटरी घातली नाही. टेबलावरच्या पॉवर सप्लायवर करंटची मर्यादा अगदी कमी ठेवून वीज दिली. आत कुठे शॉर्ट राहिला असता, तर आकडा लगेच वर उडाला असता. तो उडाला नाही. बटण फिरवल्यावर थोडा वर गेला आणि स्थिर झाला.

२८ ऑगस्टला तो कॅमेरा न्यायला आला. मी त्याला नवी बॅटरी दिली आणि घालायला सांगितले. वरच्या छोट्या पडद्यावर घड्याळाची खूण लुकलुकू लागली, कारण तारीख-वेळ सांभाळणारी आतली लहान बॅटरी मोठ्या बॅटरीवरच चार्ज होते आणि इतके दिवस तिला काही मिळालेच नव्हते. त्याने तारीख लावली, लेन्स बसवली आणि टेबलावर काचेच्या तुकड्याखाली ठेवलेल्या पहिल्या कॅमेऱ्याच्या हिरव्या पडलेल्या बोर्डचा फोटो काढला. पडद्यावर तो मोठा करून पाहिला, कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली आणि टोपी लावून शर्टाच्या खिशात ठेवली.