दऱ्यांचा दर्या

रायलिंग पठारावर उभे राहिले की समोर लिंगाणा आणि खाली खोल दऱ्या दिसतात, असे माझ्या मामांनी घरच्या संगणकावर लिहिले आणि तो मजकूर फोनवरच्या टिपणांच्या अ‍ॅपमध्ये चिकटवला. जतन केल्यावर तिथे ‘खोल दर्या’ असे उमटले. मामा निवृत्त मराठी शिक्षक आहेत. आपलाच हात चुकला असे समजून त्यांनी तो शब्द तीनदा पुसून पुन्हा चिकटवला होता. त्या मुक्तस्रोत अ‍ॅपच्या कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कोडमध्ये मी दोन वर्षे थोडीफार भर घालत आलो आहे, आणि त्यांना हे अ‍ॅप मीच दिले होते.

‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, दोन प्रकारे लिहिले जाते. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ येतात. दुसऱ्या, जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेल्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर यू+२००डी हे अदृश्य जोडचिन्ह आणि मग ‘य’ येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मामांच्या संगणकाचा कळफलक दुसरा प्रकार उमटवत होता, आणि अ‍ॅप जतन करताना जोडचिन्ह काढून टाकत असल्यामुळे मागे ‘र्य’ उरत होता.

कोडची कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणारी गिट ब्लेम ही आज्ञा चालवल्यावर चिन्ह पुसणारी ती ओळ सापडली. संकेतस्थळांवरून उचललेल्या मजकुरात शून्य रुंदीची मोकळी जागा येते आणि शोध चुकतो, ही खरी तक्रार सोडवण्यासाठी कोणीतरी यू+२००बी ते यू+२००डी ही सगळी चिन्हे एका फटक्यात पुसली होती. लिहिणाऱ्याला मी फारसा दोष देत नाही. तपासणाऱ्या दोघांपैकी एकालाही ही चिन्हे कोणाच्या लिपीत लागत असतील असा प्रश्न पडला नाही, हे मला जास्त खटकते. मधले यू+२००सी हे चिन्ह फारसी लेखनात रोज लागते. आपणही अ‍ॅप इंग्रजीत ठेवून टिपणे रोमन लिपीत लिहितो, म्हणून ही चूक तीन वर्षे कोणी नोंदवली नाही.

एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले असेल तर ते एका ठरावीक रूपात आणणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने हे दोन प्रकार एकरूप होत नाहीत, हे मी आधी करून पाहिले. शेवटी जतन होणाऱ्या मजकुराला हातच लावायचा नाही आणि बदल फक्त शोधासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतीत करायचा, असे ठरवले. त्या प्रतीत ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह हा क्रम आधी नुक्त्याच्या ‘ऱ’कडे वळवावा लागतो आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे पुसावी लागतात, क्रम उलटला की दऱ्या शोधताना दर्याही हाती लागतो. या एका क्रमासाठी मी १४ चाचण्या लिहिल्या, आणि त्या मला मूळ दुरुस्तीपेक्षाही मोलाच्या वाटतात.

हा बदल स्वीकारावा अशी माझी विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, नऊ दिवस तशीच पडून राहिली. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने विचारले की याचा त्रास नेमका किती लोकांना होतो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८.३ कोटी लोक नोंदले आहेत, असे मी लिहिले, आणि त्यावर उत्तर आले नाही. मग मी आई, वडील आणि मुलगी असलेला कुटुंबाचा इमोजी त्याच अ‍ॅपमध्ये जतन केला. तोही याच जोडचिन्हाने सांधलेला असल्यामुळे त्याची तीन सुटी माणसे झाली. ते चित्र जोडल्यावर तासाभरात बदल स्वीकारला गेला. मला आनंद झाला, पण रात्री झोप लागली नाही. माझ्या भाषेचे शब्द बदलत होते, एवढे कारण पुरेसे व्हायला हवे होते.

जुन्या टिपणांतून पुसली गेलेली चिन्हे मात्र परत आणता येत नाहीत. शब्दकोशाच्या आधाराने दुरुस्ती करणारा भाग मी अर्धा लिहून थांबवला आहे, कारण ‘दर्या’ हाही खरा शब्द आहे. मामांच्या एका उत्सवाच्या टिपणात ‘आचार्यांना ५०० रुपये दिले’ असे आहे. ते पैसे पूजा सांगणाऱ्यांना दिले की स्वयंपाक करणाऱ्यांना, हे मी त्यांना विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले, पण त्यांना सांगता आले नाही.