इंजिनाच्या आणि खेचरांच्या वाटेवरून

तिसऱ्या दिवशी दुपारी चढ संपला. पायांना ते कळलंही नव्हतं, पाटी वाचली तेव्हा कळलं. ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, उंची ७२९ मीटर. इथून पश्चिमेला पडलेला पाऊस ओहायो आणि मिसिसिपी नद्या करत मेक्सिकोच्या आखातात जातो, पूर्वेला पडलेला पोटोमॅक नदीमधून अटलांटिकच्या बाजूला. अमेरिकेत पिट्सबर्गहून वॉशिंग्टनला मी एकटीच सायकलने निघाले होते, आणि पिट्सबर्ग सोडल्यापासून जवळजवळ दोनशे किलोमीटर वरच येत होते. सायकलवर तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, अवजारं मिळून अठरा किलो ओझं होतं, आणि तरी चढ लागला म्हणून एकदाही उतरून ढकलावं लागलं नव्हतं.

ही किमया रेल्वेची. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, म्हणून मालगाडीच्या इंजिनाला उभा चढ चालत नाही. मग सर्व्हे करणाऱ्यांनी नदीचा काठ धरला, डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल टाकले आणि चढ लांबवर पसरून टाकला. गाड्या बंद झाल्या, रूळ निघाले, त्या जागी बारीक चुनखडीची खडी दाबून बसवली. पिट्सबर्ग ते कंबरलँड या २४० किलोमीटरच्या वाटेला आता ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज म्हणतात. ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा १९८६ साली खुला झाला आणि पिट्सबर्गमधला शेवटचा २०१३ मध्ये. सत्तावीस वर्षं माणसं तुकड्याला तुकडा जोडत राहिली. ते आठवलं की पायाखालच्या खडीबद्दल फार माया वाटायची.

एकटीने सायकल चालवताना सगळ्यात जास्त ऐकू येतो तो टायरखालचा आवाज. कोरड्या खडीवर एकसारखी खरखर असते. ती जरा दबली की पुढची जमीन भुसभुशीत आहे, हे डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. पिट्सबर्गच्या डांबरी भागात हवा टणक ठेवली होती, खडी सुरू झाल्यावर दहा-बारा पीएसआय कमी केली. लगेच फरक पडला. मनगटांना बसणारे दणके थांबले आणि वळणावर मागचं चाक सरकायचं थांबलं.

रॉकवूडच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मागचंच चाक असल्यामुळे सगळ्या बॅगा उतरवाव्या लागल्या. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायची हा माझा नियम आहे, कारण टोचणारी वस्तू तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही जाते. दोन फेऱ्यांत काही लागलं नाही. तिसऱ्या फेरीत बोटाच्या पेराला बारीक तार टोचली, केसाएवढी. चिमट्याने ओढली तर निघेना. शेवटी टायर उलटा वाकवला, तिचं टोक बाहेर आलं आणि दातात धरून काढली. तासभर गेला. नदी खाली वाहत होती, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि घाई करायला सांगणारंही कोणी नव्हतं. एकटीने फिरायचं ते मी यासाठीच.

डिव्हाइडनंतर बिग सॅव्हेज बोगदा लागतो, साधारण एक किलोमीटरचा. तो संपला की समोर डोंगरांच्या निळ्या रांगाच रांगा. पुढे मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड राज्यांची सीमा, ओलांडून मेरीलँड. डिव्हाइडपासून कंबरलँडपर्यंत ३८ किलोमीटरमध्ये वाट पाचशेहून जास्त मीटर खाली येते. त्या उतारावर पेडल जवळजवळ मारावंच लागलं नाही.

कंबरलँडला एक वाट संपते आणि तिथेच दुसरी सुरू होते. चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची, खेचरं ज्यावरून बोटी ओढत चालायची ती पायवाट. वॉशिंग्टनपर्यंत २९७ किलोमीटर. कालवा आणि त्याला मारक ठरलेली रेल्वे, दोन्हींची कामं एकाच दिवशी सुरू झाली, ४ जुलै १८२८. रेल्वे १८४२ साली कंबरलँडला पोचली, कालवा १८५० साली. ओहायो नदीपर्यंत जायचं त्याचं स्वप्न इथेच थांबलं. तरी तो १९२४ च्या पुरापर्यंत कोळसा वाहत राहिला.

कालव्याचा उतार रेल्वेसारखा नसतो. बोटीला सपाट पाणी लागतं, म्हणून सगळा उतार ७४ लॉकमध्ये, म्हणजे दारं लावून पाण्याची पातळी वर-खाली करायच्या दगडी कोठ्यांमध्ये, वाटून दिलाय. सायकलवर हे छान कळतं. कितीतरी वेळ वाट पाणसळीत असावी तशी सपाट, मग दगडी लॉक दिसतो, शेजारी लॉककीपरचं घर, आणि पेडलच्या दहा-वीस फेऱ्यांपुरता छोटा उतार. पुन्हा सपाट.

कालव्याच्या पॉ पॉ बोगद्यात मात्र सायकलवरून उतरावं लागतं. ९५० मीटर लांब, आत दिवा नाही. दोन वर्षांत होईल म्हणून १८३६ साली हातात घेतलेलं काम चौदा वर्षं चाललं, साठ लाखांच्या आसपास विटा लागल्या. एका बाजूला अरुंद, खाचखळग्यांची वाट, मध्ये लाकडी कठडा, पलीकडे काळं पाणी. टोकाला नाण्याएवढा उजेड, कितीही चाललं तरी तेवढाच. मध्यावर कठड्याला हात लावला तर लाकडात गुळगुळीत खाचा होत्या. बॅटरीच्या उजेडात पाहिलं, बोटी ओढायच्या दोराने घासून पडलेल्या. मी बराच वेळ त्या खाचेत अंगठा ठेवून उभी राहिले.

त्या रात्री नदीकाठच्या कॅम्पवर पाऊस कोसळला. सकाळी वाटेचा चिखल झाला होता, मातकट आणि चिकट. दर अर्ध्या किलोमीटरला मडगार्ड आणि टायरमध्ये तो गच्च बसायचा आणि चाक फिरेना. काटकीने उकरायचं, परत बसायचं. साखळी कुरकुरायला लागली तशी मी हट्ट सोडला. हॅन्कॉक गावाच्या आधीपासून कालव्याला समांतर डांबरी वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल आहे, ती धरली. हातपंपावर साखळी धुतली, पुसली, तेल दिलं.

शार्प्सबर्गला मुद्दाम वर गेले. अमेरिकन यादवी युद्धातली अँटिएटमची रणभूमी तिथे आहे. १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात तेवीस हजारांच्या आसपास सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. काठावरून गावात जाणारा रस्ता जेमतेम अडीच किलोमीटरचा, पण तो डोंगर जसा आहे तसाच चढतो. सगळ्यात हलका गिअर टाकूनही श्वास पुरेना. चार दिवस मी किती लाडात चालले होते ते तेव्हा समजलं.

कालव्याकाठच्या या वाटेचा मोटाररस्ता करायचा घाट १९५० च्या दशकात घातला गेला होता. एका वृत्तपत्राने त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या संपादकांना आव्हान दिलं, माझ्याबरोबर सगळी वाट चालून या, मग बोला. मार्च १९५४ मध्ये बरेच जण निघाले, पूर्ण अंतर नऊ जणांनी कापलं. वृत्तपत्राचं मत बदललं आणि १९७१ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. डग्लस चालले नसते तर त्या रात्री माझा तंबू जिथे होता तिथे मोटारी धावत असत्या. शेवटचे शंभर किलोमीटर हे मनातून जाईना.

जॉर्जटाउनला शून्याचा दगड एका बोटहाउसच्या मागे आहे, शोधावा लागतो. रॉक क्रीक तिथेच पोटोमॅकला मिळतो आणि नदीला भरती-ओहोटी असते, म्हणून पहिल्या लॉकचं नाव टाइड लॉक. सायकल दगडाला टेकवली, बॅगा काढल्या नाहीत, तशीच खाली बसले. भरती सुरू झाली होती. लॉकच्या दगडी तोंडाशी पाणी बोटभर वर आलं होतं.